तळहातावरची किल्ली

"मी महाराणी आहे!" मामीने शिवणयंत्रावरूनच जाहीर केलं. "ऐकलं का रे कोणी? मागच्या जन्मीची महाराणी!"

"महाराणी, दूध उतू जातंय!" आतून ढोल ओरडला.

ढोल म्हणजे मामाचा मुलगा. तो कुजबुजला तरी ते पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचं, म्हणून ढोल. सुट्टीत त्याच्याकडे राहायला आलेली त्याची आतेबहीण म्हणजे चिमटी, कारण बारीकसारीक काहीही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. आणि चिमटी जाईल तिथे तिच्या मागोमाग हजर होणारा तिचा धाकटा भाऊ, तो अर्थातच शेपूट.

आज तिघांचा बेत टेकडीमागच्या तळ्यावर जायचा होता. डबा तयार, बाटल्या तयार. फक्त एका मोठ्या माणसाचं 'हो' हवं होतं. तेवढंच! पण या घरात मोठं माणूस फोनमधून डोकं वर काढेल तर शपथ.

"मामी, आम्ही जाऊ का तळ्यावर?"

"अगं, बेकरीवाल्या काकू नुसत्या दासी निघाल्या! आणि मी महाराणी!" मामी फोनकडे बघून हसत सुटली.

"मामी, तळं!"

"मामाला विचार."

चिमटीने कपाळावर हात मारला. आठवडाभर हेच चाललं होतं. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी एक खेळ टाकला होता: 'किल्ली सांगते तुम्ही कोण!' आपल्या दाराची किल्ली तळहातावर ठेवायची, शेजारी शुभ म्हणून एक नाणं ठेवायचं, फोटो काढायचा. मग चार-पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची, की फोन सांगणार, मागच्या जन्मी तुम्ही कोण होतात! अख्खी गल्ली वेडी झाली होती. दूधवाला सेनापती झाला होता आणि समोरचे चष्मेवाले काका राजवैद्य. काल तर त्यांनी एका गिऱ्हाइकाला उलट्या काड्यांचा चष्मा दिला आणि वर म्हणाले, "राजवैद्यांवर विश्वास ठेवा!"

तिघं जिना उतरून दुकानात आले. मामाचं दुकान कुलूप-किल्लीचं. एका भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, टेबलावर किल्ल्या कापायचं यंत्र, सगळीकडे लोखंडाचा कीस आणि वंगणाचा वास. आणि कोपऱ्यात ते लोखंडी कपाट. गल्लीतल्या प्रत्येक घराची आणि दुकानाची जादा किल्ली त्यात टांगलेली होती. कुणाची किल्ली हरवली, कुणी दार ओढून बाहेर अडकलं, की मामाकडे धाव. त्या कपाटाच्या कुलपाला एकच किल्ली होती आणि ती मामाच्या कमरेच्या साखळीला असायची. आंघोळीलासुद्धा तो ती काढत नसे.

आत्ता मात्र ती मामाच्या तळहातावर होती. शेजारी नाणं!

"मामा, तूसुद्धा?" चिमटी किंचाळलीच.

"हलू नकोस गं, फोटो हलतो." मामाने वंगणाने काळ्या झालेल्या बोटांनी फोन दाबला. "हं! आला झकास."

"अहो, हात तरी धुवा आधी! त्या फोनची काय दशा केलीय बघा!" वरून मामीचा आवाज आला.

चिमटीने मामाच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "थांब, थांब! हे बघ काय विचारतंय. 'तुमचे सगळे फोटो बघू का? तुमच्या फोनमधले सगळे नंबर घेऊ का? तुम्ही कुठे आहात ते बघत राहू का?' आणि तू सगळ्याला 'हो' म्हणतोयस?"

"नाही म्हटलं तर पुढेच जात नाही ना तो खेळ!"

"मग नको जाऊस पुढे!"

"आणि मी कोण ते कसं कळणार?"

ढोलने डोळे फिरवले. शेपटानेही फिरवले. मामाने मात्र जीभ बाहेर काढून मन लावून उत्तरं लिहिली. तुम्ही झोपाळू की उद्योगी? ही किल्ली कशाची? विश्रांती कधी घेता, कुठे? मामाने लिहिलं, 'दुकानातल्या कपाटाची. दुपारी जेवण झाल्यावर मागच्या खोलीत. शटर अर्धं, पंखा पूर्ण.' शेवटी फोन वाजला आणि मामा उडालाच.

"खजिनदार! बघा, शोभतं की नाही? आणि पत्ता लिहिला तर माझं नाव छापलेला कप फुकट घरपोच!"

"मामा, आम्ही तळ्यावर जाऊ?"

"मामीला विचारा," खजिनदार म्हणाले.

तळं त्या दिवशी राहिलंच. दुसऱ्या दिवशीही राहिलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी समोरून जी बोंब उठली, तिच्यापुढे ढोलचाही आवाज फिका पडला.

"लुटलं! मला लुटलं!"

चष्मेवाले काका दुकानाच्या पायरीवर उभे राहून दोन्ही हात हवेत नाचवत होते. आतल्या काचेच्या फडताळांतल्या सगळ्या महागड्या फ्रेमा गायब. आणि नवल म्हणजे दाराचं कुलूप जसंच्या तसं! ना तोडलेलं, ना खरवडलेलं. चोराने जाताना ते नीट परत लावलं होतं.

"म्हणजे चोराकडे किल्ली होती," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"माझी किल्ली माझ्या खिशात आहे!" काका गरजले. मग हळूच त्यांची मान वळली. रस्ता ओलांडून त्यांची नजर मामाच्या दुकानावर येऊन थांबली. "आणि दुसरी..."

सगळ्यांच्याच माना वळल्या.

मामा हातात कानस घेऊन दारात उभा होता. "अहो, काय बोलताय काय तुम्ही? तुमची किल्ली कपाटात आहे. दाखवतो ना!"

किल्ली कपाटात होतीच. पण त्याचा काही उपयोग झाला नाही. "एका किल्लीच्या दोन करायला तुम्हाला किती वेळ लागतो?" काकांनी विचारलं आणि आपली किल्ली खिशात घालून ते निघून गेले. तासाभरात रांग लागली. दूधवाला आला, शाळेच्या बाई आल्या. "तसं काही नाही हो, पण सध्या आमची आमच्याकडेच असू दे." मामा एकेक खिळा रिकामा करत होता. त्याचे कान तेवढे लाल झाले होते.

चिमटी हे सगळं बघत होती. मामाने आयुष्यात कधी परक्याची किल्ली परक्याला दिली नव्हती. कुणी फोनवर फोटो दाखवून म्हणालं, 'एवढी किल्ली करून द्या,' तर तो त्याला हाकलून लावायचा.

फोटो दाखवून!

"ढोल," ती एकदम म्हणाली, "मामा कारखान्यातून सुटे भाग मागवतो तेव्हा फोनवर फोटो पाठवतो ना? कसा पाठवतो?"

"कसा म्हणजे? त्या भागाशेजारी नाणं ठेवतो. म्हणजे त्यांना माप कळ..." ढोलचं तोंड उघडंच राहिलं. "नाणं!!"

"हळू बोल!"

"हळूच बोलतोय!!"

"शुभबिभ काही नाही," चिमटी म्हणाली. "नाण्याचं माप सगळ्यांना माहीत असतं. त्यावरून किल्लीचा एकूण एक दात मोजता येतो. कधी झोपता ते विचारून घेतलं. आणि किल्ली कुठल्या दाराची ते..."

"पत्ता!" शेपूट ओरडला. "कपासाठी पत्ता! काकांना कप आला होता परवा. मी पाहिला. टोपीवाला माणूस आला होता खोकं घेऊन. तो काकांच्या कुलपाकडेच बघत होता!"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो की! तुम्ही म्हणालात, गप्प बस शेपटा!"

हे मात्र खरं होतं. दोघांनी खाली मान घातली.

आता हे मोठ्यांना सांगायचं म्हणजे सरळ गोष्ट, नाही का? छे! मामी म्हणाली, "पोरांनो, आधीच डोक्याला ताप आहे, त्यात तुमचं आणखी नको." चष्मेवाले काका म्हणाले, "मामाला वाचवायला गोष्टी रचू नका. आणि माझा खेळ पुढच्या पातळीवर गेलाय, मध्ये बोलू नका." दुकान लुटलं गेलं तरी राजवैद्य खेळतच होते! बेकरीवाल्या काकूंनी तर तिघांना एकेक बिस्कीट देऊन वाटेला लावलं. राहता राहिला मामा.

"फोटोवरून किल्ली?" मामा थकल्या आवाजात म्हणाला. "अगं, त्याला हात लागतो कारागिराचा. खेळवाल्यांना काय येतंय? आणि कपाटाच्या किल्लीचं म्हणशील, तर ती माझ्या कमरेला आहे. बघ!"

"किल्ली कमरेला आहे, मामा, पण तिचा फोटो गावभर आहे!"

"जा, खेळा जरा बाहेर."

तेवढ्यात मामाचा फोन वाजला. चिमटीने वाकून वाचलं. 'खजिनदार महाराज! तुमचा कप आज दुपारी पोचतो आहे. तुम्ही निवांत आराम करा, कप आम्ही टेबलावर ठेवू.'

"आज दुपारी," ती पुटपुटली. "कपाट उघडलं की अर्धी गल्ली उघडली! अजून निम्म्या लोकांच्या किल्ल्या आहेत आत. आणि आज चोरी झाली तर मामाने दुकानाला कायमचंच कुलूप लावायचं!"

"मग काय करायचं?" ढोलने विचारलं. या वेळी त्याचा आवाज खरंच लहान झाला होता.

चिमटीची नजर मोडीत काढलेल्या कुलपांच्या टोपलीवर गेली. वर एक भलंमोठं जुनं कुलूप पडलं होतं. मामा त्याला 'हट्टी' म्हणायचा. कपाटाच्या कुलपाचाच तो भाऊ, त्याच कारखान्यातला. पण त्याच्यात चुकीची किल्ली घातली की ती अर्धी फिरायची आणि अडकून बसायची. पुढे नाही, मागे नाही, बाहेर तर नाहीच. ती सोडवायची तर मामाला अख्खं कुलूप खोलावं लागायचं.

पुढचं गिऱ्हाईक किल्ली परत मागायला आलं. मामाने कपाट उघडलं, कुलूप टेबलावर ठेवलं, किल्ली काढून दिली.

"मी लावते, मामा!" चिमटी म्हणाली. कपाटाच्या कडीत 'हट्टी' बसला, दाबलं, खट्! खरं कुलूप शेपटाच्या शर्टाखाली गेलं. मामाच्या ध्यानातही आलं नाही. बिचारा खिन्नपणे खाली बघत होता.

"आता फक्त एकच," चिमटी कुजबुजली, "दुपारपर्यंत मामाने कपाट उघडता कामा नये. त्याचीच किल्ली अडकली तर सगळं मुसळ केरात!"

आणि अगदी त्याच क्षणी बेकरीवाल्या काकू दारात!

"अहो, माझीही द्या बाई किल्ली. सगळ्यांनी नेली, मग मी तरी कशाला..."

मामाने सुस्कारा टाकून कमरेची साखळी ओढली. किल्ली कुलपाच्या दिशेने निघाली. आणखी जवळ. आणखी जवळ.

"काकूऽऽ! तुमच्या भट्टीतून धूर येतोय!!" ढोल असा काही ओरडला की टांगलेल्या किल्ल्या खुळखुळल्या.

"अगं बाई!" काकू पळाल्या.

"भट्टीतून धूर नाही तर काय पाणी येणार?" मामा चिडून म्हणाला. "काय चावटपणा आहे हा? चला जेवायला!"

जेवण झालं. मामाने सवयीप्रमाणे शटर अर्ध्यावर ओढलं आणि मागच्या खोलीत जाऊन पंखा लावला. त्याचं घोरणं सुरू झाल्यावर चिमटीने दुकान आणि ती खोली यांच्यामधल्या दाराला खोलीच्या बाजूने हळूच कडी लावली, म्हणजे चोराला तिकडून पळता येणार नाही. मागच्या खोलीला अंगणात उघडणारं दुसरं दार होतं, त्यातून ती बाहेर पडली. मग तिघं समोर बेकरीच्या फळीमागे जाऊन बसले.

"आला नाही तर?" शेपटाने विचारलं.

"गप्प बस शेप..." म्हणता म्हणता चिमटीने स्वतःला आवरलं. "आला नाही तर आपण चुकलो. बघू."

रस्ता सुनसान होता. आणि मग कोपऱ्यावरून तो आला. टोपी, पाठीवर पिशवी, हातात खोकं. दुकानासमोर थांबला, इकडेतिकडे पाहिलं, वाकला आणि शटरखालून आत शिरला.

कप ठेवायला कितीसा वेळ लागतो? तो बाहेर आला नाही. आतून बारीकसा आवाज आला. कट्! मग धातू ओढल्याचा. मग एक अस्सल शिवी.

"अडकली!" चिमटी म्हणाली. "शेपटा, काकांना बोलाव! ढोल, चल!"

दोघांनी रस्ता ओलांडला, शटरला लोंबकळले आणि सगळा भार टाकला. शटर धडाडत खाली आलं. मघाशी शर्टाखालून काढून घेतलेलं कपाटाचं कुलूप चिमटीने शटरच्या कडीत अडकवून दाबलं. मग ढोलने छाती भरून श्वास घेतला.

"चोऽऽऽर!!"

खिडक्या उघडल्या. बेकरीवाल्या काकू हातातल्या पिठासकट धावत आल्या. चष्मेवाले काका आले. शाळेच्या बाईंनी पोलिसांना फोन लावला. मामा अंगणातून बनियनवरच धावत आला. "कोण? कुठे? माझ्या दुकानाला कुलूप कुणी लावलं?"

आतून कुणीतरी शटरवर धडका मारत होतं.

पोलीस दादा आल्यावरच मामाने शटर उघडलं. टोपीवाल्याने लगेच साळसूद चेहरा केला. "मी तर कप द्यायला आलो होतो! हा बघा, 'खजिनदार'! या पोरांनी मला कोंडलं!"

"आणि ही कुणी घातली?" चिमटीने कपाटाकडे बोट दाखवलं. हट्टी कुलपातून एक नवीकोरी किल्ली डोकावत होती.

"त्यांचीच असेल."

मामाने कमरेची साखळी वर धरली. त्याची किल्ली जागच्या जागी होती.

आता तरी सगळ्यांना पटावं की नाही? पण चष्मेवाले काका म्हणजे चष्मेवाले काका! "मग ही दुसरी आली कुठून? कशावरून तुम्हीच याला करून दिली नाही? साथीदार असेल!"

"अहो काका!" चिमटीचा संयम आता सुटलाच. "सकाळपासून सांगतोय, कुणी ऐकेल तर ना! मामा, खोल ते कुलूप!"

मामाने कुलूप खोलून किल्ली सोडवली. चिमटीने दोन्ही किल्ल्या काकांच्या हातात दिल्या. "तुम्ही भिंगवाले ना? घ्या भिंग, आणि बघा. तिसरी खाच."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. "मामांच्या किल्लीची तिसरी खाच खोल आहे. आणि हिची... उथळ. म्हणजे कापणाराने चूक केली?"

"मामा स्वतःच्या कपाटाची किल्ली चुकीची कापेल का? आता हा फोटो बघा." तिने मामाचा फोन पुढे केला. तळहात, नाणं आणि वंगणाने माखलेली किल्ली. तिसऱ्या खाचेत वंगण आणि लोखंडाचा कीस घट्ट चिकटून बसला होता, त्यामुळे ती निम्मी भरलेली दिसत होती. "ज्याने ही किल्ली कापली त्याने खरी किल्ली कधी पाहिलीच नाही. त्याने हा फोटो पाहिला! जशी मामाची पाहिली तशीच तुमचीही पाहिली, काका. तुम्हीच दाखवलीत. तळहातावर ठेवून, नाण्यासकट!"

काकांनी भिंग खाली ठेवलं.

पोलीस दादांनी टोपीवाल्याची पिशवी टेबलावर उलटी केली. खळ्ळकन नव्या किल्ल्यांचा ढीग पडला, प्रत्येकीला पत्त्याची चिठ्ठी. तळाशी चष्म्याच्या दोन फ्रेमाही निघाल्या. टोपीवाल्याने मान खाली घातली. मूळचा कारागीरच होता तो, आणि खेळ बनवणारा त्याचा भाऊ संध्याकाळी त्यांच्या खोलीवर सापडला, उरलेल्या फ्रेमांसकट.

"शाबास!" पोलीस दादा म्हणाले. "डोकं लढवलंत पोरांनो. पण पुढच्या वेळी आधी आम्हाला बोलवायचं, मग शटर ओढायचं. आणि मोठ्यांनो, ज्याने ज्याने फोटो टाकलाय त्याने आजच्या आज कुलूप बदलायचं. फोनमधून तो खेळ काढायचा आणि ज्याला ज्याला 'हो' म्हटलंय ते सगळं 'नाही' करायचं."

"ते कसं करतात?" मामीने विचारलं.

"आणा इकडे," तिघं एका सुरात म्हणाले. टेबलावर फोनांची रांग लागली. सेनापती, राजवैद्य, महाराणी, दासी, सगळे मुकाट्याने उभे.

चष्मेवाले काका मात्र तिथेच घुटमळत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मामाच्या पुढे ठेवली. "चुकलो मी. तोंड वर करून नको ते बोललो. ही तुमच्याकडेच असू द्या."

"ही नाही," मामा म्हणाला. "आधी नवं कुलूप बसवू. मग त्याची द्या." पण त्याचे कान पुन्हा लाल झाले होते आणि या वेळी तो हसत होता. मागून दूधवाल्याने किल्ली काढली, मग शाळेच्या बाईंनी. बेकरीवाल्या काकूंची तर न्यायचीच राहिली होती, म्हणून त्यांनी बिस्किटांचा अख्खा डबा ठेवला.

संध्याकाळपर्यंत मामाने कपाटाला नवं कुलूप बसवलं. या वेळी किल्ल्या दोन केल्या. एक कमरेला अडकवली. दुसरी त्याने चिमटीच्या हातावर ठेवली.

"सुट्टी संपेपर्यंत ही तू सांभाळ," तो म्हणाला. "इतकी वर्षं कुलपं लावतोय मी, पण मी स्वतःच कुठे उघडा पडलो होतो ते तू दाखवलंस. आणि उद्या तळ्यावर जायचं. मी पण येतो."

चिमटीने हात उजेडात धरला. तळहातावर ती नवीकोरी किल्ली चमकत होती.

"थांब, थांब, हलू नकोस!" मागून मामीचा आवाज आला. "काय छान दिसतेय गं! तशीच धर, फोटो काढते. गल्लीच्या ग्रुपवर टाकू या!"

"मामीऽऽ!!" तिघं एकदम ओरडले आणि चिमटीने मूठ घट्ट मिटून घेतली.